पेन्शनचा चुकलेला रकाना



आयकराचें विवरणपत्र एकदां सादर झालें कीं ती काळ्या दगडावरची रेघ, अशी समजूत चांगल्या सुशिक्षित घरांतूनहि आढळते. त्यांत चूक दिसली तरी गप्प बसावें. बोलावयास गेलें तर चौकशीचा ससेमिरा मागें लागावयाचा, असें लोक मानतात. ही समजूत खरी नाहीं, आणि ती महागांत पडते. म्हणून राष्ट्रीय पेन्शन योजनेंत भरलेल्या रकमेची नोंद विवरणपत्रांत चुकली तर ती दुरुस्त कशी करावी, याचा आज विचार करूं.

ही योजना १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या नोकरांसाठीं सुरू झाली. सैन्यदलें तेवढीं वगळलीं होतीं. १ मे २००९ पासून ती सर्व नागरिकांस खुली झाली. तींतील रकमेसाठीं १९६१ च्या आयकर अधिनियमांत तीन रकाने आहेत, आणि घोटाळा होतो तो येथेंच. पहिला कलम ८०सीसीडी(१) चा. आपण स्वतः भरलेली रक्कम यांत येते. परंतु भविष्य निर्वाह निधि, विम्याचे हप्ते वगैरे धरून सर्वांची मिळून मर्यादा १,५०,००० रुपये. दुसरा ८०सीसीडी(१बी) चा. त्या मर्यादेबाहेर आणखी ५०,००० रुपयांची वजावट देणारी ही सवलत २०१५ सालीं आली. तिसरा ८०सीसीडी(२) चा. मालकानें आपल्या खात्यांत भरलेली रक्कम त्यांत दाखवावयाची. पहिले दोन रकाने जुन्या करपद्धतीपुरतेच आहेत. २०२३-२४ पासून जी नवी पद्धति आपोआप गृहीत धरली जाते, तींत यांपैकीं तिसराच तेवढा चालतो.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, एका गृहस्थांनीं २०२३-२४ साठीं जुनी पद्धति पत्करली. निधि व विमा मिळून त्यांचे १,५०,००० रुपये भरलेले होते. शिवाय पेन्शनच्या टियर-एक खात्यांत त्यांनीं ५०,००० रुपये भरले. पण ते दुसऱ्या रकान्याऐवजीं पहिल्यांत लिहिले. पहिला आधींच काठोकाठ भरलेला, तेव्हां या पन्नास हजारांची वजावट शून्य! गृहस्थ तीस टक्क्यांच्या टप्प्यांत असतील तर १५,००० रुपये कर व त्यावर चार टक्के उपकराचे ६०० मिळून १५,६०० रुपये नाहक गेले.

यावर उपाय सोपा होता. विवरणपत्रांत कांहीं राहून गेलें किंवा चुकीचें लिहिलें गेलें असें ध्यानांत आल्यास कलम १३९(५) अन्वयें सुधारित विवरणपत्र देतां येतें. या वर्षासाठीं त्याची मुदत मुळांत ३१ डिसेंबर २०२४ होती, ती निवासी व्यक्तींसाठीं १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढविण्यांत आली, आणि त्यास दंड नव्हता कीं शुल्क नव्हतें. मूळ विवरणपत्राचा पोचपावती क्रमांक व तारीख त्यांत द्यावी लागते. नुसता चुकलेला आंकडा पाठवून भागत नाहीं. नवें पत्र जुन्याची जागा घेतें, म्हणून तें संपूर्ण भरावें. तीस दिवसांत त्याची पडताळणीहि करावी. पुष्कळांचें काम या शेवटच्या पायरीवरच अडतें.

चूक उलट दिशेनेंहि होते. दुसऱ्या एका गृहस्थांच्या मालकानें ५०,००० रुपये भरले. तिसऱ्या रकान्यांत तें दाखविलें, हें योग्यच. परंतु तीच रक्कम आपली म्हणून दुसऱ्या रकान्यांतहि लिहिली गेली. एका रकमेची दोनदां वजावट झाली आणि सरकारास १५,६०० रुपये कमी मिळाले. ती मुदत उलटून गेली तर यांना कलम १३९(८अ) चें अद्ययावत विवरणपत्र भरतां येतें. मात्र थकलेला कर व व्याज भरून त्या दोहोंवर अधिक कर द्यावा लागतो: ३१ मार्च २०२६ पर्यंत पंचवीस टक्के, पुढच्या वर्षीं पन्नास, मग साठ आणि ३१ मार्च २०२९ पर्यंत सत्तर टक्के. उशीर वर्षागणिक महाग होत जातो. कार्यालयानें त्या वर्षाची कर-आकारणी हातीं घेतली तर ही वाट बंद होते. मग कमी दाखविलेल्या उत्पन्नावरील कराच्या निम्मा, आणि जाणूनबुजून खोटें लिहिलें असें ठरल्यास दुप्पट दंड बसूं शकतो.

येथें एक भेद नीट ध्यानांत ठेवावा. अद्ययावत विवरणपत्र हें सरकारचें देणें भरण्यासाठीं आहे. आपलें येणें मागण्यासाठीं नाहीं. पहिल्या गृहस्थांनीं सुधारित विवरणपत्राची मुदत दवडली तर त्यांस हें दार उघडत नाहीं. उशिराचें सबळ कारण दाखवून कलम ११९(२)(ब) खालीं माफीचा अर्ज करणें एवढेंच उरतें, आणि तो मान्य करणें अधिकाऱ्यांच्या मर्जीवर असतें. आपलें लिहिणें बरोबर असून कार्यालयाच्याच हिशेबांत उघड चूक झाली असेल, तर गोष्ट निराळी. तेथें कलम १५४ अन्वयें दुरुस्तीचा अर्ज करावा. ज्या आर्थिक वर्षांत आदेश निघाला तें संपल्यापासून चार वर्षांपर्यंत तो करतां येतो.

ही सर्व माहिती मीं २०२३-२४ च्या विवरणपत्रास धरून सांगितली आहे. १९६१ च्या अधिनियमाच्या जागीं २०२५ चा नवा अधिनियम झाला असून त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यांत कलमांचे क्रमांक निराळे आहेत. तेव्हां ज्याचें जें वर्ष असेल, त्याची मुदत त्याच वर्षाच्या नियमांवरून पाहावी.

पेन्शन खात्याचा वार्षिक उतारा मागवून घ्यावा व मालकाच्या सोळा क्रमांकाच्या फॉर्मशेजारीं ठेवावा. आपण काय भरलें व मालकानें काय भरलें, हें दोन ओळींत लिहून काढावें, आणि मगच विवरणपत्राशीं ताडून पाहावें. अर्ध्या तासाचें हें काम डिसेंबराच्या आंत घरोघर व्हावें.

म्हातारपणासाठीं बाजूस काढलेला पैसा तरुणपणाच्या अनेक इच्छा मारून सांठविलेला असतो. त्यावरील हक्काची सवलत आळसानें सोडूं नये, आणि हक्काची नसलेली भीतीनें दडवूं नये. आपली चूक आपल्याच हातानें सुधारावयास कायद्यानें दार ठेवलें आहे. मात्र तें मुदतीपर्यंतच उघडें असतें.