मुलं झाली म्हणून कर्करोग टळतो का?

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर अभियंता आहे. आकड्यांशी रोज संबंध येतो, म्हणून आज एका आकड्याबद्दलच बोलतो.

"मुलं झालेल्या बाईला अंडाशयाचा कर्करोग कमी होतो" हे वाक्य खरं आहे. १९७१ साली महमूद फथल्ला या इजिप्तच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये त्यामागचा एक तर्क मांडला. दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो आणि पुन्हा भरून येतो. भरून येण्यासाठी पेशींना आपली नक्कल करावी लागते. जितक्या नकला जास्त, तितकी चुकीची शक्यता जास्त. गरोदरपणात हे चक्र थांबतं, बाळाला अंगावर पाजताना आणखी काही काळ थांबतं. आता असंही दिसलंय की यातले बरेच कर्करोग गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतात. त्यामुळे हा तर्क पुरेसा नाही, पण आकडे त्याच बाजूचे आहेत. एका मुलानंतर धोका साधारण एक पंचमांशाने कमी होतो, पुढच्या प्रत्येक मुलामागे थोडा आणखी.

पण एक पंचमांश कशाचा? समजा, मूल नसलेल्या हजार स्त्रियांपैकी १५ जणींना हा आजार होतो. मग एक मूल असलेल्या हजारांत तो १२ जणींना होईल. फरक तिघींचा. या तिघींच्या हिशेबावर मूल नसलेल्या बाईला कुणी टोमणा मारू नये आणि कुणी पाळणाही वाढवू नये. वारंवारच्या बाळंतपणाचे धोके वेगळेच आहेत. खुद्द फथल्लांनी पुढे आयुष्यभर बाळंतपणातले मृत्यू थांबवण्यासाठी काम केलं. शिवाय बीज बाहेर पडणं गर्भनिरोधक गोळ्यांनीही थांबतं. २००८ साली २१ देशांतले ४५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा गोळ्यांच्या दर पाच वर्षांमागे धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. गोळ्यांचेही तोटे असतात, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

आता त्या उरलेल्या १२ जणींबद्दल. माझ्या खालाला पाच मुलं. पोट फुगायचं, दोन घासांत भरल्यासारखं व्हायचं. घरात सगळे म्हणाले, गॅस आहे. पाच बाळंतपणं झालेल्या बाईला आतला आजार कसा होईल? निदान झालं तेव्हा आजार पोटभर पसरला होता.

हा आजार आधीच पकडणारी खात्रीची तपासणी अजून नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांच्या अभ्यासात काही जणींवर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली. २०२१ साली निकाल आला, मृत्यू कमी झाले नव्हते. म्हणून लक्षणं ओळखायची: पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं. हे नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे टिकलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल तर तेही सांगायचं, अब्बांकडच्या नात्यातलासुद्धा. सदोष जनुक बापाकडूनही येतं.

अम्मी आपणहून सांगणार नाही. मुलग्यांनो, तुम्हीही विचारा. पोटाबद्दल विचारण्यात लाज कसली?