सिमला ऑफिसपासून बांधापर्यंत



शिवाजीनगरच्या चौकाला जुने पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले, त्यावरून हे नाव पडले. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले. नाव मात्र पुण्यातच राहिले. या वास्तूचे शेतीशी असलेले नाते तेवढे परिचित नाही. १९३२ साली येथे कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि एल. ए. रामदास यांनी त्याची उभारणी केली. निरभ्र, शांत रात्री हवेचा सर्वांत थंड थर भुईला चिकटून नसतो, तर थोड्या उंचीवर असतो, हे त्यांच्याच निरीक्षणांतून पुढे आले. त्या थराला आज जगभर ‘रामदास थर’ म्हणतात. शेतातील कोवळ्या पिकाला थंडी कोठे बाधते, हा प्रश्न एका भारतीय शास्त्रज्ञाने जमिनीपाशी बसून सोडविला, हे पुण्यातल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

१९४५ पासून हवामान खात्याने शेतकऱ्यांसाठी खास वार्तापत्र सुरू केले. ते नभोवाणीवरून ऐकविले जाई. साधन एकच, भाषा ऐकणाऱ्याची आणि वेळ ठरलेली. ज्ञान प्रयोगशाळेतून निघून बांधावर पोहोचण्याची ती पहिली व्यवस्था म्हणता येईल. त्यानंतर साधने कितीतरी वाढली. ती वाढली तेवढी पोच वाढली का, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

संगणकाची कथाही शेतीपासून वेगळी काढता येत नाही. ऐंशीच्या दशकात भारताला महासंगणक हवा होता, त्यामागे मोसमी पावसाचा अंदाज हे एक मोठे कारण होते. अमेरिकेने अधिक शक्तिशाली यंत्र नाकारले आणि कमी क्षमतेचे ‘क्रे एक्स-एम-पी १४’ दिले, तेही हवामानाच्या कामाचे बंधन घालून. त्या नकाराला उत्तर पुण्याने दिले. १९८८ मध्ये येथे ‘सी-डॅक’ स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. डॉ. भटकरांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातला. पुढे पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आला, तर सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ राष्ट्राला अर्पण झाला. त्याच्या बळावर मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली. स्वावलंबनाचा हा प्रवास अभिमान वाटावा असाच आहे.

आता दुसरी बाजू. २०१८ नंतर देशातील १९९ कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली गेली. प्रत्येक ठिकाणी एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक, एवढाच फौजफाटा. दर मंगळवारी व शुक्रवारी अंदाज हाती आला की त्यातून आपल्या जिल्ह्याच्या पिकांसाठी सल्ला तयार करायचा: फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, काढलेला कांदा उघड्यावर ठेवावा की झाकावा. २०२४ च्या आरंभी ही केंद्रे बंद करण्यात आली. माहिती आता यंत्रेच गोळा करतात, मग माणसे कशाला, असा विचार त्यामागे मांडला गेला. योगायोग पाहा: त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायतीच्या पातळीवर हवामान अंदाज देण्याची योजना सुरू झाली. अंदाज गावाच्या वेशीपर्यंत आला आणि त्याचा अर्थ सांगणारा जिल्ह्याच्या ठिकाणाहून उठून गेला! निर्णय घेणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण आकडा गोळा करणे आणि तो उलगडून सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. यंत्राने पहिले काम घेतले म्हणून दुसरे संपत नाही.

महाराष्ट्राने हा धडा पूर्वी एकदा गिरविला आहे. श्री. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना, १९९८ मध्ये, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यातील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. तात्यासाहेब कोरे यांनी उभी केलेली वारणानगरची सहकार चळवळ पाठीशी असल्याने भूमी तयार होती. गावागावांत संगणक केंद्रे निघाली. शेतकरी जगभरचे शेतीज्ञान, बाजारभाव, आरोग्य आणि शिक्षणाची माहिती येथे पाहील, अशी कल्पना होती.

काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तेव्हा चित्र निराळे निघाले. शेतकरी केंद्रावर येत होते, पण ते कारखान्याकडील स्वतःचे काम घेऊन. आपल्या उसाची नोंद झाली का, तोडणीची चिठ्ठी कधी निघणार, खत किती उचलले, वजन किती भरले, एवढेच त्यांना पाहायचे होते. जगाची माहिती बहुधा पडूनच राहिली. याला कोणी अपयश म्हणेल. वस्तुतः शेतकऱ्याने आपली गरज स्पष्ट सांगितली होती: सर्वसाधारण उपदेश नको, माझ्या गटातल्या माझ्या उसाचे सांगा. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील संदेशातून हीच माहिती देऊन पाहिली. आठ महिने तो प्रयोग चालला आणि लोकांनी तो आनंदाने स्वीकारला. यंत्र लहान झाले, खर्च घटला, कामात उणे पडले नाही.

माहिती नेमकी असली की शेतकरी तिच्यासाठी किती कष्ट घेतो, हे द्राक्षबागायतदारांनी दाखविले. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याची तक्रार झाली आणि निर्यातीवर संकट आले. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तपासणीची शिस्त घातली. २००६ च्या हंगामापासून ‘ग्रेपनेट’ या संगणक प्रणालीत प्रत्येक बागेची नोंद होऊ लागली. नमुना कोणत्या बागेचा, तपासणीत काय निघाले, पेटी कोणाची, हे सारे युरोपातल्या खरेदीदाराला कळू लागले. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे माल पुन्हा अडला. तपासावयाच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतेच! प्रणाली निर्दोष चालली होती. यादी अद्ययावत ठेवणे हे माणसांचे काम होते. त्या वर्षी बागायतदारांनी सोसलेली झळ मोठी होती.

उलट, माणूस जागेवर असला की काय घडते, यासाठी दूर जावयास नको. विधी महाविद्यालय रस्त्याशेजारच्या टेकडीच्या पायथ्याशी आघारकर संशोधन संस्था आहे. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये लावलेले हे रोप. तेथील शास्त्रज्ञांनी ‘एमएसीएस ६४७८’ हा गव्हाचा वाण तयार केला आणि सातारा जिल्ह्यातील करंजखोपच्या शेतकऱ्यांना त्याच्या बियाण्याबरोबर लागवडीचे प्रशिक्षणही दिले. जुन्या वाणांपासून हेक्टरी २५ ते ३० क्विंटल मिळत असे, तेथे ४५ ते ६० क्विंटल आले. वाण ११० दिवसांत तयार होतो आणि तांबेऱ्याला दाद देत नाही. हे यश एकट्या बियाण्याचे मानले, तर शेजारच्या गावात नुसत्या पिशव्या पाठवून भागेल. तसे सहसा भागत नाही, हे कोणताही कृषी सहायक सांगेल.

जून २०२५ मध्ये राज्याने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण स्वीकारले आणि आरंभीच्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. धोरण स्वागतार्ह आहे. मराठीत बोलून विचारता येईल आणि मराठीतच उत्तर मिळेल, अशी सोय झाली तर निरक्षर भगिनीलाही ते दार उघडे होईल. परंतु या निधीतून तालुक्यातालुक्यात माणसे किती उभी राहणार, हे विचारले पाहिजे. सल्ला चुकला आणि बाग गेली, तर मोबाईलला जाब विचारता येत नाही. कृषी पदवीधर असलेला, गावकऱ्यांना नावाने माहीत असलेला, पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसणारा माणूस असला, तर शेतकरी त्याच्याकडे येतो आणि त्याला ऐकवतोही.

पुण्यात शेतीची पदवी घेतलेल्या तरुणांची वाण नाही. हिंजवडीत संगणकाशी खेळणाऱ्या कितीतरी तरुणांचे आईवडील अजून गावी शेती करतात. शासनाची केंद्रे पुन्हा उघडतील तेव्हा उघडोत, त्याआधी करण्यासारखे एक काम आहे. गावच्या दूध संकलन केंद्रावर शेतकरी सकाळ-संध्याकाळ येतोच. कृषी विद्यापीठांच्या हवामान केंद्रांची पत्रके मंगळवारी व शुक्रवारी निघतातच. त्या दोन संध्याकाळी एका शिकलेल्या तरुणाने पत्रक तेथे वाचावे, प्रश्न लिहून घ्यावेत आणि पुण्यातल्या कोणा जाणत्याकडून उत्तर मागवून पुढच्या खेपेस सांगावे. मावळ, भोर, राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके अगदी हाताशी आहेत. या पावसाळ्यापूर्वी वीस गावे निवडली, तर भातलावणीपर्यंत कामाचे खरे मोजमाप हाती येईल.