कलम 377 गेले, कलम 46 राहिले

थेरगावात पहाटे रस्त्यावर निघालात, तर भरतीची तयारी करणारी पोरे धावताना दिसतात. सोळाशे मीटरला कोणाला किती वेळ लागला, एवढाच त्यांचा विषय. फौज इथे लांबची नाहीच. दापोडीला लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीला बॉम्बे सॅपर्स, पलीकडे देहूरोडची छावणी. या पोरांत एखादा समलिंगी असला, तर त्याने काय करायचे? आज उत्तर एकच: गप्प बसायचे.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात कलम 377 बद्दल निकाल दिला. सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध त्या दिवसापासून गुन्हा राहिले नाहीत. पुढच्याच जानेवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत पत्रकारांना म्हणाले, सैन्यात हे चालणार नाही. 1950 च्या आर्मी ॲक्टचे कलम 46 शाबूत आहे. ‘अनैसर्गिक’ स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय राज्यघटनेचे कलम 33 सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याची मुभा संसदेला देते.

मेजर जे. सुरेश यांनी फौज सोडली आणि 2020 मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. त्यांच्यावरून सुचलेल्या पटकथेला 2022 मध्ये संरक्षण मंत्रालयाने परवानगी नाकारली. म्हणजे पडद्यावरसुद्धा नको!

समलिंगींना घेतले तर शिस्त बिघडेल, असे म्हणतात. ब्रिटनचे सेनाधिकारीही हेच म्हणत. युरोपीय मानवी हक्क न्यायालयात 1999 मध्ये ब्रिटिश सरकार हरले, जानेवारी 2000 मध्ये समलिंगींवरील बंदी उठली आणि फौज काही मोडली नाही. उलट 2023 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी हाकललेल्या सैनिकांची संसदेत माफी मागितली. शिस्त बिघडते ती छळाने, जबरदस्तीने. त्यासाठीचे नियम सगळ्यांना सारखे लावा की! आणि लपवावे लागणारे गुपित हीच तर ब्लॅकमेल करणाऱ्याची खरी सोय.

आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून नेमले. तो प्रश्न वेगळा, पण ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती तीच होती. कामे सुरळीत चालू राहिली.

कलम 46 बदलणे लष्करप्रमुखांच्या नव्हे, संसदेच्या हाती आहे. थेरगाव मावळ लोकसभा मतदारसंघात येते. उमेदवार मते मागायला दारात आले, की रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारा.