प्रसूतिकक्षातला खुंटीवरचा चष्मा

पाणमोट फुटते तेव्हा गर्भजल आणि रक्त थेट समोर वाकलेल्या नर्सच्या चेहऱ्यावर उडू शकते. हातमोजे बहुतेक जणी घालतात. चष्मा आणि प्लास्टिकचा एप्रन मात्र खुंटीवरच राहतो. डोळ्यांच्या ओल्या आवरणातूनही विषाणू शरीरात शिरतात, हे तिथे विसरले जाते. टाके घालताना सुई टोचण्याचा धोका तर आणखी मोठा. सुई बाधित असेल तर एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के, पण लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के.

‘आईचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मग कशाला?’ असे विचारले जाते. पण ताजा संसर्ग सुरुवातीचे काही आठवडे तपासणीत दिसत नाही, आणि ऐन कळांत रिपोर्टाविना येणाऱ्याही असतातच. म्हणून काळजी प्रत्येक बाळंतपणात सारखीच हवी. त्यात कुणावर संशय नाही. घाईचे कारणही टिकत नाही, चष्मा चढवायला काही सेकंद पुरतात. सुई टोचलीच, तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा. एचआयव्हीप्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. आणि सफाई करणाऱ्या मावशींसकट सगळ्यांनी हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस पूर्ण करावेत.