तीन चाकं गार, एक गरम: ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ड्रम ब्रेकची गोष्ट

आजचा भाग जरा हात काळे करणारा आहे. ट्रेनमध्ये उभं राहून ऐकत असाल तर नुसतं ऐका. पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून जे आपल्याला ऐकतात आणि ज्यांच्या दारात ट्रेलर उभा आहे, त्यांनी हा भाग सेव्ह करून ठेवा. ट्रेलरखाली आडवं पडून पुन्हा ऐकावा लागेल.

तर झालं असं, मागच्या उन्हाळ्यात आम्ही इथे कॅलिफोर्नियात एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. म्हणजे चाकांवरची खोलीच. आत पलंग, शेगडी, बाथरूम, सगळं. इंजिन मात्र नाही. पिकअप ट्रकच्या मागे अडकवायचा आणि ओढत न्यायचा. आमचा साधारण ४,५०० पौंडांचा, म्हणजे २,००० किलोच्या आसपास. दोन ॲक्सल, चार चाकं. विकणारा म्हणाला, ब्रेक एकदम नवीन आहेत. मी ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर बसवला, ट्रेलर जोडल्यावर त्याचा दिवा हिरवा झाला, आणि मी विश्वास ठेवला. आता कळतं की तो दिवा फक्त एवढंच सांगत होता की वायर जोडलेली आहे. ब्रेक लागतात की नाही, हे त्याला कुठून कळणार?

आई-बाबा साताऱ्याहून आले होते. त्यांना सिकोया नॅशनल पार्कमधली ती प्रचंड झाडं दाखवायची म्हणून निघालो. लॉस एंजेलिसहून उत्तरेला जाताना इंटरस्टेट ५ वर तेहोन पास लागतो, उंची ४,१०० फुटांच्या वर. तिथून पुढे ग्रेपव्हाइनचा उतार. जवळपास पाच मैल, सहा टक्क्यांचा. म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की सहा फूट खाली. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला खडीचे रॅम्प करून ठेवलेत, त्यावरून काय ते समजा. बाबा म्हणाले, "खंबाटकीपेक्षा रुंद आहे रे." मी हसलो. ते शेवटचं हसणं.

उतार सुरू झाला आणि पाठीमागून कुणीतरी ढकलतंय असं वाटायला लागलं. पेडल दाबतोय, ट्रक हळू होतोय, पण ट्रेलरचा धक्का येतोच आहे. मी कंट्रोलरचा गेन वाढवला. गेन म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला किती जोर द्यायचा त्याची सेटिंग. सहावरून आठ. पुढच्या वेळी पेडल दाबलं तर ट्रेलरचं एक चाक किंचाळलं आणि अख्खा ट्रेलर उजवीकडे ओढल्यासारखा झाला. आई देवाचं नाव घ्यायला लागली. बायकोने माझ्याकडे बघितलंच नाही, ती आरशात बघत होती.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, "गेन-बिन राहू दे. खालच्या गिअरला टाक. ट्रेलर थांबत नाहीये, तुझा ट्रकच दोघांना थांबवतोय." गिअर खाली घेतला, इंजिन ओरडायला लागलं, उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे लागलो आणि पायथ्याला पोचलो. ट्रकच्या पुढच्या चाकांना जळका वास येत होता.

उतरल्यावर बाबांनी जे केलं ते लक्षात ठेवा. हाताची मागची बाजू त्यांनी ट्रेलरच्या एकेका हबजवळ नेली. हात लावला नाही हं, फक्त जवळ नेला. एवढा उतार उतरून तीन चाकं गार. एक भाजणारं. म्हणजे चार ब्रेकचं काम एकटा ब्रेक करत होता, उरलेलं आमचा ट्रक करत होता.

आता हे असं का होतं? तुमच्या ॲक्टिव्हाचा किंवा स्प्लेंडरचा मागचा ड्रम ब्रेक आठवा. लायनर झिजले की ब्रेक खोल जातो, मग गॅरेजवाला ब्रेकच्या टोकाचा नट दोन आटे फिरवून देतो. बस्स, तोच प्रकार. फक्त इथे तार किंवा रॉड नाही, करंट आहे. ड्रमच्या आत एका दांडीच्या टोकाला जाडसर चुंबक बसवलेला असतो. तुम्ही ट्रकचं पेडल दाबलं की कंट्रोलर त्याला करंट पाठवतो. पूर्ण जोरावर एका चुंबकाला साधारण तीन अँपिअर, म्हणजे चार चाकांना बारा. चुंबक फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटतो आणि ड्रम त्याला स्वतःबरोबर पुढे ओढतो. ती दांडी हलते, दांडी पुढच्या लायनरला ढकलते, पुढचा मागच्याला, आणि दोन्ही ड्रमवर बसतात. बघा, ब्रेक लावायला लागणारी ताकद फिरणारं चाकच देतं. चुंबक फक्त पकडतो.

पण लायनर आणि ड्रममध्ये फट जास्त असेल तर दांडीची सगळी हालचाल ती फट भरण्यातच जाते. ब्रेक उशिरा लागतो, अर्धवट लागतो किंवा लागतच नाही. आणि चारही चाकांची फट वेगवेगळी असेल तर गेन वाढवून काय होणार? ज्याची फट कमी, ते चाक जाम होणार, बाकीचे तसेच बसून राहणार. माझं नेमकं हेच झालं होतं. गेन हा लायनरच्या फटीवरचा उपाय नाही. हे वाक्य मी कंट्रोलरवर चिकटवणार होतो, बायकोने नको म्हटलं.

कारमध्ये हे आपोआप ॲडजस्ट होतं म्हणून आपल्याला सवय नसते. काही ट्रेलरमध्येही स्वतः ॲडजस्ट होणारे ब्रेक येतात. पण कितीतरी ट्रेलरना साधेच असतात, आणि ते हातानेच करावे लागतात. नवीन लायनर बसवले तर पहिल्या २०० मैलांनंतर, आणि मग साधारण दर ३,००० मैलांनी. आमच्याकडे ब्रेक खरंच नवीन होते बरं का. फक्त बसवल्यावर कुणी पुन्हा हात लावला नव्हता.

घरी आल्यावर सपाट जागा बघून कामाला लागलो. जे चाक उचलायचं ते सोडून बाकीच्यांना पुढून-मागून अडण्या लावल्या. जॅक ट्रेलरच्या चासीच्या फ्रेमखाली लावायचा, ॲक्सलच्या नळीखाली नाही. नळी वाकते. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच खाली शिरायचं नाही, फ्रेमखाली स्टँड हवाच. यावर माझं आणि बाबांचं थोडं वाजलं, कारण त्यांना "पाच मिनिटांचं काम" वाटत होतं. स्टँड लावला.

चाकाच्या मागे ब्रेकची पत्र्याची प्लेट असते. तिच्यात खालच्या बाजूला रबरी बुच लावलेली एक लांबट खाच दिसेल. बुच काढलं की आत दातेरी चकती, स्टार व्हील. वाकडं टोक असलेलं ब्रेक स्पून नावाचं हत्यार मिळतं, नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हर. एका हाताने चाक पुढच्या दिशेने फिरवत राहायचं, आपण गाडी पुढे चालवतो त्याच दिशेने, आणि दुसऱ्या हाताने एकेक दात सरकवायचा. टक्, टक्. चाक जड होत गेलं तर दिशा बरोबर. हलकं झालं तर उलटी. हाताने फिरवणं अगदी अवघड होईपर्यंत घट्ट करायचं. मग उलट दिशेने सोडत यायचं, चाक मोकळं फिरेल पण आत लायनर हलकासा घासल्याचा खस्-खस् आवाज येत राहील इतपत. किती दात सोडायचे याचे आकडे लोक सांगतात, मला तरी आवाजच जास्त खरा वाटला. मध्ये कुणाला तरी ट्रकमध्ये बसवून कंट्रोलरची हाताने चालवायची कळ दोन-तीनदा दाबायला सांगा. लायनर आत नीट मध्यावर बसतात, आणि मग पुन्हा चाक फिरवून बघा. कळ दाबल्यावर फिरतं चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे. कान जवळ नेलात तर चुंबकाची गुणगुणही ऐकू येते.

इथे बाबा चुकले. "जरा टाइटच ठेव, उतार आहे," म्हणाले. एक चाक मी त्यांच्या सांगण्यावरून टाइट ठेवलं. दहा मैल फिरून आलो, तर तो हब बाकीच्यांपेक्षा कितीतरी तापलेला. ब्रेक न दाबताही लायनर घासत होता. असंच डोंगरावर नेलं असतं तर तापून बेअरिंगचं ग्रीस पातळ झालं असतं आणि ब्रेकची पकडही गेली असती. बाबा म्हणाले, "आमच्याकडे हवेचे ब्रेक होते." एवढंच. चार दात सोडले, ठीक झालं.

तिसरं चाक वेगळंच निघालं. स्टार व्हील फिरवून फिरवून घट्ट केलं, कळ दाबली, गुणगुण येतेय, पण चाक आपलं निवांत फिरतंय. ड्रम उतरवला तर लायनरवर ग्रीसच ग्रीस. बऱ्याच ट्रेलरच्या हबला बाहेरून ग्रीस भरायची सोय असते. कुणीतरी गनने जोर लावून भरलं असणार, आतलं सील गेलं आणि ग्रीस लायनरवर आलं. भिजलेला लायनर पुसून, जाळून, पेट्रोलने धुऊन परत वापरायचा नाही. सील नवीन घातलं आणि त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना अख्खी ब्रेक असेंब्लीच बदलली. मागे थोडे बोल्ट आणि दोन वायर असतात. चुंबकाला उलट-सुलट नसतं, त्यामुळे कुठली वायर कुठे याची चिंता नाही. पण ड्रम काढला की बेअरिंगचा नट आणि नवी कॉटर पिन आली, त्यात हात बसलेला नसेल तर ते काम सरळ ट्रेलरच्या गॅरेजला द्या. आणि ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टस असू शकतं. मास्क घाला, ओल्या फडक्याने पुसा.

चाकं परत लावली तर नट टॉर्क रेंचने आवळा आणि थोडे मैल चालवून पुन्हा तपासा. तेही आम्ही एकदा विसरलो होतो, पण ती वेगळी गोष्ट.

सगळं झाल्यावर मगच गेन. रिकाम्या सपाट रस्त्यावर २५ मैलांच्या वेगात फक्त कळ पूर्ण दाबायची. चाकं जाम झाली तर गेन कमी, ट्रेलर नुसता रेंगाळला तर जास्त. जाम व्हायच्या किंचित आधी थांबायचं. आमचा आकडा आठवरून साडेपाचवर आला.

आई-बाबा परत जायच्या आधी पुन्हा ग्रेपव्हाइनवरून गेलो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना तसाही कमाल वेग ५५ मैलच आहे. वरूनच खालचा गिअर टाकला, पेडल सतत दाबून न ठेवता थोडा वेळ ठाम दाबायचं आणि सोडायचं, असं करत उतरलो. आई पूर्ण वेळ डोळे मिटून बसली होती. पायथ्याला बाबा उतरले आणि चारही हबजवळ हात नेत गोल फिरून आले. "चारही कोमट," म्हणाले, आणि चहाचं विचारलं.