विजयेची मात्रा

भांग म्हटली कीं महाराष्ट्रीय गृहस्थाच्या डोळ्यांपुढें दोनच चित्रें उभीं राहतात. एक महाशिवरात्रीला घोटल्या जाणाऱ्या थंडाईचें, आणि दुसरें देवळामागें चिलीम ओढीत बसलेल्या बैराग्याचें. रोग्याच्या उशाशीं ठेवलेल्या बाटलीचें तिसरें चित्र त्याला सहसा सुचत नाहीं. वास्तविक वैद्यांच्या ग्रंथांत या वनस्पतीला 'विजया' असें मानाचें नांव आहे. भावप्रकाशांत तिचे गुण सांगितले आहेत, आणि अतिसार-ग्रहणीवरील जातीफलादि चूर्णांत तिला स्थान आहे. झाड एकच; त्याचीं पानें ती भांग, मादी झाडाचे फुलोरे तो गांजा, आणि त्यांवर जमणारा चीक तो चरस. या झाडाला औषध म्हणावें कीं नाहीं हा वाद आज अनेक देशांच्या विधिमंडळांत आणि रुग्णालयांत चालला आहे. एक पक्ष म्हणतो ही संजीवनी आहे, दुसरा म्हणतो हें विष आहे. दोघांचाही आवाज मोठा आहे. पण झाडांतील कोणता अंश, किती आणि कोणत्या रोगावर, या मात्रेच्या प्रश्नावरून दोघेही घाईनें पुढें जातात.

पाश्चात्त्य वैद्यकानें हा प्रश्न रीतसर हातीं घेतला तो कलकत्त्यास. तेथील मेडिकल कॉलेजांत विल्यम ब्रुक ओशॉनेसी नांवाचा आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवीत असे. (याच गृहस्थानें पुढें हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें उभारलें, एका आयुष्यांत हीं दोन कामें कशीं मावलीं याचें नवल वाटतें.) १८३९ सालीं त्यानें गांजाविषयींचा आपला निबंध पुढें मांडला. त्या काळच्या साहेबाच्या मानानें त्याची रीत निराळी होती. त्यानें आधीं पंडितांना आणि हकिमांना विचारलें. संस्कृत ग्रंथांत काय आहे हें समजून घेण्यास मधुसूदन गुप्त यांचें साह्य घेतलें. मग जनावरांवर प्रयोग केले. एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला दहा ग्रेन नेपाळी चरस दिला, तेव्हां तो अर्ध्या तासांत पेंगूं लागला, मधूनच समाधानानें शेपूट हलवी, पुढें आलेलें अन्न अधाशासारखें खाई आणि झोकांड्या देत चाले. सहा तासांत तो पूर्ववत् झाला. त्यानंतर संधिवात, धनुर्वात, पटकी आणि जलसंत्रास यांच्या रोग्यांची पाळी आली. जलसंत्रासाचा रोगी वांचला नाहीं, आणि ओशॉनेसीनें तसा दावाही केला नाहीं. त्याचे शेवटचे तास कमी यातनेचे गेले, एवढेंच त्यानें नोंदलें. हा प्रामाणिकपणा या विषयांत पुढें फार थोड्यांनीं दाखविला.

त्याच्या नोंदींत चाळीस दिवसांच्या एका मुलीची हकीकत आहे. तिला आंचके येत होते आणि नेहमींचे उपाय हरले होते. गांजाच्या अर्काचे थेंब सुरू केले तेव्हां आंचके थांबले, पुन्हां आले, मात्रा चढवीत न्यावी लागली. अखेर मूल बरें झालें. आंचक्यांवर एक मोलाचें औषध हातीं आलें असें ओशॉनेसीला वाटलें. त्याचें हें मत कसोटीला लागण्यास पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला, आणि त्या दीर्घ विलंबांतच या वादाचें सारें मर्म आहे. एका मुलीच्या बरें होण्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. तान्ह्या मुलांचे आंचके पुष्कळदां आपोआपही थांबतात.

१८४१ च्या सुमारास ओशॉनेसी हें औषध घेऊन विलायतेस गेला, आणि थोड्याच वर्षांत लंडनच्या औषधांच्या दुकानांत गांजाचा अर्क विकूं लागला. राणी व्हिक्टोरियाच्या वैद्यांपैकीं सर जॉन रसेल रेनॉल्ड्स यानें तीस वर्षें तो वापरून १८९० सालीं 'लॅन्सेट' पत्रांत आपला अनुभव लिहिला. यावरून स्वतः राणीच गांजा घेत असे अशी दंतकथा निघाली आहे. तिला पुरावा नाहीं. रेनॉल्ड्स अर्धशिशीसारख्या दुखण्यांत या औषधाची वाखाणणी करतो, पण त्याची तक्रारही तीच: एका बाटलीचें बळ दुसरीस नसतें, म्हणून आरंभ अगदीं थोड्या थेंबांनीं करावा. गांजाचा अंश पाण्यांत विरघळत नाहीं, त्यामुळें पिचकारीनें देतां येत नाहीं. मॉर्फीन तसें देतां येई, आणि १८९९ सालीं ॲस्पिरिनही बाजारांत आलें. कायद्याचा बडगा बसण्याच्या आधींच हें औषध मागें पडूं लागलें होतें, ही गोष्ट गांजाचे आजचे कैवारी सोयिस्करपणें विसरतात. अमेरिकेंत १९३७ सालीं त्यावर जबर कर आणि निर्बंध लादणारा कायदा झाला. तेथील वैद्यक मंडळाच्या प्रतिनिधीनें त्याला विरोध केला होता, तो कोणी ऐकला नाहीं. १९४२ सालीं औषधकोशांतून गांजाचें नांवच काढून टाकण्यांत आलें.

मधल्या काळांत हिंदुस्थानांत एक मोठी चौकशी झाली. १८९३-९४ मध्यें सरकारनें नेमलेल्या कमिशननें १,१९३ साक्षी घेतल्या. गांजानें माणसें वेडीं होतात या समजाचा मुख्य आधार म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या. कमिशननें त्या तपासल्या तेव्हां आढळलें कीं वेडाचें कारण पुष्कळदां रोग्याला आणणाऱ्या पोलिसानें सांगितलेलें असे, आणि तो गांजा ओढतो एवढें कळलें कीं रकान्यांत 'गांजा' लिहून कारकून मोकळा होई. बेताच्या सेवनानें सहसा अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो, असा निर्णय देऊन कमिशननें बंदीऐवजीं कराची शिफारस केली. मात्र तेवढ्यानें निर्धास्त होणें चुकीचें ठरेल. स्वीडनमध्यें ४५,५७० तरुण सैनिकांची पंधरा वर्षांची माहिती १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. भरतीपूर्वीं पन्नासांहून अधिक वेळां गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचें प्रमाण सहापट आढळलें. इतर कारणें वजा घातल्यावर हा आंकडा बराच उतरला, पण नाहींसा झाला नाहीं. घरांत तरुण मुलें असलेल्यांनीं ही गोष्ट हंसण्यावारी नेऊं नये.

खरी कलाटणी मिळाली ती इस्रायलमध्यें. राफाएल मेशूलाम या रसायनशास्त्रज्ञानें पोलिसांकडून पांच किलो जप्त चरस मागून घेतला आणि तो साध्या बसमधून आपल्या संस्थेंत नेला. १९६३ आणि १९६४ या दोन वर्षांत त्याच्या प्रयोगशाळेनें दोन द्रव्यांची रचना उलगडली. नशा आणणारें तें टीएचसी, आणि नशा न आणणारें तें कॅनाबिडायॉल. म्हणजे ज्याला सारे जग एक वस्तु समजत होतें तींत निदान दोन निरनिराळीं औषधें होतीं. १९९२ सालीं मेशूलामच्याच सहकाऱ्यांना प्राण्याच्या मेंदूंत टीएचसीसारखें काम करणारें एक नैसर्गिक द्रव्य सांपडलें. त्याचें नांव त्यांनीं 'आनंद' या संस्कृत शब्दावरून 'आनंदामाइड' ठेवलें.

आतां पुन्हां आंचक्यांकडे. ड्राव्हे नांवाचा अपस्माराचा एक दारुण प्रकार पहिल्याच वर्षांत मुलाला गांठतो, आणि नेहमींचीं औषधें त्यावर बहुधा पुरीं पडत नाहींत. २०१७ सालीं अशा १२० मुलांवरील कसोटी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना शुद्ध कॅनाबिडायॉल दिलें, निम्म्यांना तसेंच दिसणारें पण औषध नसलेलें द्रव. कोणाला काय मिळालें हें ना आईबापांना ठाऊक, ना डॉक्टरांना. घरच्या मंडळींनीं रोजचे आंचके मोजून लिहिले. औषध मिळालेल्यांत महिन्याचे मोठे आंचके १२.४ वरून ५.९ वर आले. दुसऱ्या गटांत ते १४.९ वरून १४.१ एवढेच उतरले. गुंगी, जुलाब आणि यकृतावरील ताण हे त्रासही नोंदले गेले. जून २०१८ मध्यें अमेरिकेनें या औषधाला मान्यता दिली. आंचके पूर्णपणें थांबलेलीं मुलें थोडींच होतीं. परंतु ज्या घरांत दर दोनतीन दिवसांनीं मूल निळें पडे, तेथें हे आंकडे काय आहेत हें सांगावयास नको.

वेदनांच्या बाबतींत मात्र निकाल इतका स्वच्छ नाहीं. २०१७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनीं प्रौढांच्या जुनाट वेदनांवर गांजाच्या उपयोगाला भरीव पुरावा आहे असें म्हटलें. २०२१ सालीं वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें पुरावा अपुरा म्हणून शिफारस नाकारली. गुडघ्यापासून निद्रानाशापर्यंत सर्वांवर चालणाऱ्या तेलाची जाहिरात करणाऱ्यांना या दोन मतांचा पत्ताच नसतो, किंवा असूनही ते सांगत नाहींत.

२ डिसेंबर २०२० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें २७ विरुद्ध २५ मतांनीं गांजाला अति कडक यादींतून काढलें. भारताचें मत बाजूनें पडलें. पहिल्या यादींत तो राहिलाच. घरच्या कायद्याची हकीकत अधिक बोलकी आहे. १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानें व्यसन रोखतां रोखतां कर्करोग्यांच्या उशाचें मॉर्फीनही हिरावलें. १९८५ सालीं देशांत ७१६ किलो मॉर्फीन वापरलें गेलें होतें, १९९७ सालीं तें १८ किलोवर आलें. आणि परदेशांना औषधासाठीं अफू पुरविणारा देश तो हाच! ही चूक सुधारण्यास २०१४ साल उजाडलें. त्या कायद्यानें भांगेचीं नुसतीं पानें मूळच्या व्याख्येंतून वगळलीं आहेत, आणि दहाव्या कलमान्वयें राज्य सरकारांना गांजाच्या लागवडीस व उत्पादनास परवानगी देण्याचा अधिकार ठेवला आहे. त्या अधिकारांत चरस तेवढा बसत नाहीं. ज्याचे दहा ग्रेन कलकत्त्याच्या त्या कुत्र्याला दिले होते, तोच.