निबंधाला विषय सापडत नाही? खिडकी उघडा!

कॉलेजचा अर्ज, स्कॉलरशिप, निबंध स्पर्धा, निमित्त काहीही असो, प्रश्न एकच येतो: "दादा, विषय कुठला घेऊ?" आज त्यावरच बोलू.

'प्रदूषण : एक समस्या' हा विषय नाही, तो फोल्डर आहे. त्यात काहीही टाकता येतं, म्हणूनच सगळ्यांचे निबंध सारखे होतात. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. "ॲप चालत नाही" एवढंच कोणी कळवलं तर आम्हाला काहीच करता येत नाही. "पैसे भरायच्या स्क्रीनवर अडकतं" म्हटलं की काम सुरू होतं. विषयाचंही तसंच.

आपलं बोईसरच घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वात प्रदूषित ठरलं. हा आकडा कोणालाही गुगलवर मिळेल. पण समजा, रात्री केमिकलचा वास आला की तुमची आई उठून खिडकी लावते, आणि त्याच वेळी बाबा एमआयडीसीत नाइटला असतात. घर त्यांच्या पगारावर चालतं. हे गुगलला माहीत नाही.

स्वतःबद्दलच्या निबंधाचा विषय ती खिडकी आहे. वास नको आणि पगार हवा, या दोन्हींच्या मधे तुम्ही उभे आहात. विषय पारखायचा तर स्वतःला विचारा: हे लिहिताना मला काही नव्याने ठरवावं लागतंय का? उत्तर आधीच पाठ असेल, तर विषय बदला.

मत पटवून देणारा निबंध असेल तर तीन प्रश्न. कोणाला पटवायचंय? नेमकं काय मागायचंय? आणि समोरचा नाही का म्हणेल? "कारखाने बंद करा" म्हणालात, तर पहिला विरोध घरातूनच होईल. त्यापेक्षा "रात्री वासाची तक्रार आली, तर त्याच रात्री तपासणी व्हावी" ही मागणी बघा. ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येते, त्यांचं उपप्रादेशिक कार्यालय तारापूरलाच आहे. ते म्हणतील, वास कुठून येतो हे कसं कळणार? मग महिनाभर फोनमध्ये नोंद ठेवा: तारीख, वेळ, वारा कुठल्या बाजूचा. तुमच्या निबंधात आता असा पुरावा आहे, जो दुसऱ्या कोणाकडे नाही.

दोन गोष्टी सांभाळा. घरातलं लिहिताना घरच्यांना विचारा. बाबांच्या कंपनीचं नाव टाकू नका. नोकरी त्यांची आहे, निबंध तुमचा.

दुसरं, दुःख विकायची सक्ती नाही. पालघर म्हटलं की बाहेरच्यांना कुपोषणाच्या बातम्या आठवतात. म्हणून आपण प्रत्येक अर्जात रडलंच पाहिजे असं थोडंच आहे? सातपाटीच्या मुलीने आईबरोबर बसून पापलेटचा भाव करायला कशी शिकले, हे लिहिलं तरी तो दमदार निबंध आहे. जे दुखतं ते लिहायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं, परीक्षकाने नाही.

आज झोपण्याआधी एक काम करा. घरात ज्यावर दोन मतं आहेत अशा तीन गोष्टी लिहून काढा. त्यातल्या जिच्यावर तुमचं स्वतःचंच मत डळमळतं, ती निवडा. पुढच्या भागात पहिलं वाक्य कसं लिहायचं ते बघू. भेटूच!